मानवी बुद्धीचे सामाजिक मूळ : एका उपपत्तीचा इतिहास

इ. स. १८६९ च्या एप्रिल महिन्यात लंडनच्या 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' या नियतकालिकात आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांच्या ग्रंथांचे परीक्षण हे लेखाचे निमित्त होते; परंतु त्याच्या अखेरीस जो प्रश्न उपस्थित करण्यात आला त्याचा भूशास्त्राशी फारसा संबंध नव्हता. नैसर्गिक निवडीचे तत्त्व डार्विन यांच्याप्रमाणेच स्वतंत्रपणे शोधून काढणाऱ्या या निसर्गशास्त्रज्ञाने ॲमेझॉनच्या खोऱ्यात चार वर्षे आणि मलाया द्वीपसमूहात आठ वर्षे घालविली होती. ज्यांना तत्कालीन युरोपीय लोक 'रानटी' म्हणून हिणवीत त्यांच्या सहवासात वॉलेस राहिले होते, आणि त्यांचा मेंदू युरोपातील तत्त्वज्ञाच्या मेंदूहून फारसा उणा नाही अशी त्यांची खात्री झाली होती. तेव्हा त्यांनी असे विचारले की, नैसर्गिक निवड जर तत्कालीन गरजेपुरतेच देत असेल, तर शिकार करणे, कंदमुळे गोळा करणे आणि निवारा उभारणे एवढ्यासाठी कपीच्या मेंदूहून किंचित मोठा मेंदू पुरेसा होता. मग गणित, संगीत व तत्त्वचिंतन यांना पुरून उरेल असा मेंदू, ज्याला यांपैकी कशाचीही गरज नव्हती त्या माणसाला, कसा लाभला? नैसर्गिक निवडीत याचे उत्तर नाही असे ठरवून वॉलेस यांनी एका श्रेष्ठतर बुद्धिशक्तीचा हवाला दिला.

डार्विन यांना हा निष्कर्ष धक्कादायक वाटला. लेख हाती येण्यापूर्वीच, मार्च १८६९ मध्ये, त्यांनी वॉलेस यांना पत्र लिहून, आपणा दोघांच्या अपत्याचा त्यांनी पुरताच घात केला नसावा अशी आशा व्यक्त केली. आणि लेख वाचल्यावर त्या मजकुराच्या समासात 'नाही' हा शब्द ठळकपणे अधोरेखित करून ठेवला. तथापि वॉलेस यांचे उत्तर अमान्य केल्याने त्यांचा प्रश्न काही निकालात निघाला नाही. बुद्धी कशासाठी वाढली? गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाची जी उत्तरे देण्यात आली त्यांपैकी एक असे की, माणसाची बुद्धी मुख्यतः इतर माणसांशी वागण्याच्या गरजेतून वाढली. या उत्तराचा इतिहास पाहू जाता एक गोष्ट वारंवार ध्यानात येते : ज्या काळी जो पुरावा हाताशी होता त्याने उत्तराचे स्वरूप आधीच पुष्कळसे ठरवून टाकले होते.

डार्विन यांच्या १८७१ च्या 'डिसेंट ऑफ मॅन' या ग्रंथात या उत्तराचे बीज आढळते. माणसाचा पूर्वज गोरिलासारखा बलाढ्य असता तर तो बहुधा समाजशील झाला नसता. तो दुबळा होता हेच कदाचित त्याच्या पथ्यावर पडले असावे, असा विचार डार्विन यांनी तेथे मांडला आहे. सहानुभूती, स्तुतीची आवड, निंदेची भीती, टोळीनिष्ठा यांचीही चर्चा तेथे आहे. परंतु त्याच ग्रंथात मोकळे झालेले हात आणि त्यांनी हाताळलेली हत्यारे यांचेही विवेचन आहे, आणि पुढील पिढ्यांनी उचलून धरले ते हेच दुसरे सूत्र.

त्याचे कारण उघड आहे. दगड टिकतो, मैत्री टिकत नाही. नदीच्या थरांत सापडणारी हत्यारे मोजता येत होती, त्यांचे वर्गीकरण करता येत होते. ज्या टोळीत ती घडविली गेली तिच्यातील भांडणे आणि समझोते यांचा मागमूस उरलेला नव्हता. त्यातच १९१२ च्या डिसेंबरात चार्ल्स डॉसन व आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी पिल्टडाउन येथील कवटी जाहीर केली. माणसाची कवटी आणि कपीचा जबडा असा तो संयोग होता. मेंदू आधी वाढला आणि बाकीचे शरीर मागाहून माणसाळले, या समजुतीला तिने चाळीस वर्षे आधार पुरविला. १९२५ मध्ये रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतील टाउंग येथील बालकाची कवटी प्रसिद्ध केली, तेव्हा लहान मेंदूच्या या प्राण्याला माणसाच्या वंशात स्थान देण्यास इंग्लंडमधील अनेक विद्वान नाखूष होते, याचे हे एक कारण होय. १९५३ मध्ये पिल्टडाउनचा जबडा ओरँगउटानचा असून तो कानशीने घासून व रंगवून बनावट केलेला आहे हे सिद्ध झाले. ते सिद्ध करणाऱ्यांपैकी एक केनेथ ओक्ली होते. माणूस म्हणजे हत्यारे घडविणारा प्राणी, ही व्याख्या त्यांच्याच १९४९ च्या पुस्तकाने सर्वतोमुखी केली होती. १९६४ मध्ये ओल्डुवाय घळीतील जीवाश्मांना 'होमो हॅबिलिस', म्हणजे हातकुशल माणूस, हे नाव मिळाले त्यात हाच विचार प्रतिबिंबित झाला आहे.

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतही फारसे वेगळे चित्र नव्हते. प्रशियाच्या विद्यापीठीय परंपरेत वाढलेले व्होल्फगांग क्योलर १९१३ च्या अखेरीस तेनेरिफ बेटावरील कपिकेंद्रात गेले, आणि महायुद्धामुळे तेथेच अडकून पडले. सुलतान नावाच्या त्यांच्या चिंपँझीने पिंजऱ्याबाहेरील केळे मिळविण्यासाठी दोन पोकळ काठ्या एकमेकींत बसविल्या, ही घटना मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहे. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानंतर कपीची बुद्धी म्हणजे एकटा कपी, एक केळे आणि मध्ये एक अडथळा, असे समीकरण होऊन बसले. एकट्या ठेवलेल्या चिंपँझीला खऱ्या अर्थाने चिंपँझी म्हणता येणार नाही, असे क्योलर यांनी स्वतः त्याच ग्रंथात बजावले होते. पाठ्यपुस्तकांत काठ्या आल्या, हे वाक्य आले नाही.

विचाराची दिशा पालटण्यास वानरे व माकडे यांचे त्यांच्या निवासस्थानी झालेले निरीक्षण कारणीभूत झाले. सॉली झकरमन यांचा १९३२ चा ग्रंथ लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील बबूनांच्या रक्तपाती भांडणांवर पुष्कळसा आधारलेला होता. परंतु कोंडलेल्या आणि नर-माद्यांचे प्रमाण बिघडलेल्या कळपावरून समाजाचे अनुमान करणे म्हणजे तुरुंगावरून गावाची कल्पना करण्यासारखे होते. त्याच सुमारास क्लॅरेन्स कार्पेंटर यांनी पनामातील बारो कोलोराडो बेटावर रानातील माकडांचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. दुसऱ्या महायुद्धानंतर किन्जी इमानिशी आणि त्यांचे सहकारी यांनी जपानी माकडांना एकेक नाव देऊन त्यांची कुळे पिढ्यान्‌पिढ्या नोंदविण्यास प्रारंभ केला. प्राण्याला नाव देणे पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना तेव्हा अशास्त्रीय वाटे. पण कोण कोणाचा भाऊ, कोण कोणाच्या पाठीशी उभा राहतो, हे नावावाचून कळणे शक्यच नव्हते.

या परंपरेतील एक महत्त्वाचे काम धारवाडच्या परिसरात झाले. युकिमारू सुगियामा हे १९६१ ते १९६३ या काळात तेथील वानरांचे निरीक्षण करीत होते. हनुमानाशी नाते जोडलेला हा लांब शेपटीचा, काळ्या तोंडाचा प्राणी महाराष्ट्रातील गावोगावी कौलांवर आणि वडापिंपळांवर दिसतो. परंतु त्याच्या टोळीत काय चालते हे नेमके पाहिले गेले नव्हते. १९५८ ते १९६० या वर्षांत फिलिस जे यांना उत्तर व मध्य भारतात दिसलेल्या टोळ्या बहुतांशी शांत होत्या. सुगियामा यांना १९६२ मध्ये निराळेच दृश्य दिसले. बाहेरच्या नरांनी एका टोळीवर हल्ला करून तिच्या नायकाला हुसकावले, त्यांपैकी एकाने टोळीचा ताबा घेतला, आणि त्यानंतर टोळीतील अंगावरची पिल्ले मारली गेली. ही विकृती आहे, दाटीवाटीचा परिणाम आहे, असे म्हणून पुष्कळांनी ते बाजूस सारले. पुढे १९७१ पासून अबूच्या पहाडावर निरीक्षणे करून सारा हर्डी यांनी असे प्रतिपादिले की, ही विकृती नसून नवागत नराच्या वंशवृद्धीचा तो मार्ग आहे आणि माद्यांजवळही त्यावर प्रत्युपाय आहेत. टोळी म्हणजे केवळ जमाव नव्हे. कोण आज प्रबळ आहे आणि उद्या कोण होईल याचा अंदाज घेत तिच्यात जगावे लागते, ही गोष्ट या निरीक्षणांनी स्पष्ट केली.

मेंदूची वाढ आणि समाजजीवन यांची सांगड घालण्याचा पहिला स्पष्ट प्रयत्न याच्या अगोदरचा आहे. बर्मिंगहॅमचे मायकेल चान्स व त्यांचे सहकारी ए. पी. मीड यांनी १९५३ मध्ये एका निबंधात असे सुचविले की, माकडांच्या टोळीतील दुय्यम नराला मादीची ओढ आणि प्रबळ नराची भीती अशा दोन परस्परविरोधी प्रेरणांचा तोल सतत सांभाळावा लागतो, आणि मेंदूच्या बाह्य थराची वाढ या ताणातून समजू शकते. त्या वर्षी पिल्टडाउनचा बोभाटा झाला. चान्स व मीड यांचा निबंध फारसा कोणी वाचला नाही.

त्यानंतर तेरा वर्षांनी, १९६६ मध्ये, ॲलिसन जॉली यांचा एक छोटा लेख 'सायन्स' साप्ताहिकात आला. संपूर्ण इतिहासात युक्तिवादाच्या दृष्टीने हा लेख सर्वांत देखणा म्हणावा लागेल. मादागास्कर बेटावरील लेमूर हे नरवानर गणातील असले तरी माकडांच्या शाखेपासून फार पूर्वी फुटलेले प्राणी आहेत. वस्तू हाताळून कोडे सोडविण्यात ते माकडांच्या पुष्कळच मागे पडतात. परंतु बेरेंतीच्या अरण्यात जॉली यांना असे दिसले की, त्यांचे समाजजीवन मात्र माकडांसारखेच आहे : नर, माद्या व पिल्ले यांची कायम टोळी, उच्चनीच क्रम, परस्परांचे अंग साफ करणे, पिल्लांभोवती सगळ्यांचे घोटाळणे, हे सारे तेथे आहे. म्हणजे माकडाची वस्तुविषयक बुद्धी नसताही माकडाचा समाज संभवतो; परंतु समाजावाचून तसली बुद्धी विकसित झाल्याचे उदाहरण मात्र आढळले नाही. यावरून समाज आधी आणि बुद्धी मागाहून, असा क्रम जॉली यांनी लावला. जिवंत प्राण्यांच्या तुलनेतून भूतकाळातील क्रम उलगडण्याची ही रीत भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ओळखीची वाटेल. बोलींच्या तुलनेवरून लुप्त मूळ रूप असेच शोधले जाते, आणि त्या रीतीतील धोकेही येथे तसेच आहेत.

निकोलस हम्फ्री यांनी १९७६ मध्ये याच विचाराला तात्त्विक बैठक दिली. १९७१ मध्ये ते रवांडातील डोंगरांत डायन फॉसी यांच्या तळावर काही काळ होते. तेथील गोरिलाच्या जीवनात त्यांना फारशा अडचणी दिसल्या नाहीत : पाला हाताशी, शत्रू विरळा, दिवसभर खाणे आणि झोपणे. आणि तरीही प्रयोगशाळेत हा प्राणी बुद्धिमान ठरतो. केंब्रिजजवळ मॅडिंग्ली येथे ओक्याबोक्या पिंजऱ्यांतून ठेवलेली माकडेही त्यांनी पाहिली होती. त्यांच्यापाशी हाताळावयास एकही वस्तू नव्हती, होती ती फक्त एकमेकांची संगत. तेव्हा वॉलेस यांचाच प्रश्न त्यांच्यापुढे नव्या रूपाने उभा राहिला. अन्न मिळविण्याची युक्ती एकदा सापडली की ती अनुकरणाने सर्वांना मिळते, तिला प्रत्येकाच्या प्रतिभेची गरज नसते. उलट समाजात ज्याच्याशी गाठ पडते तो प्रतिपक्षही विचार करीत असतो, आपल्या चालीने त्याची चाल बदलते. यासाठी हम्फ्री यांनी बुद्धिबळाच्या डावाची उपमा योजिली. एकाची हुशारी वाढली की दुसऱ्याच्या हुशारीची गरज वाढते, आणि ही चढाओढ एकदा सुरू झाली की गरजेची मर्यादा कोणती हे सांगता येत नाही. गरजेपेक्षा अधिक मेंदू कसा मिळाला, या वॉलेस यांच्या कोड्याचे नैसर्गिक निवडीच्या कक्षेतील पहिले समाधानकारक उत्तर ते हेच, असे म्हणावयास हरकत नाही.

यानंतरची दहा-बारा वर्षे या विचाराच्या भरभराटीची होती. १९७८ मध्ये डेव्हिड प्रीमॅक व गाय वुडरफ यांनी चिंपँझीला दुसऱ्याच्या मनातील हेतू ओळखता येतो काय, असा प्रश्न विचारला. १९८२ मध्ये फ्रान्स डी व्हाल यांनी हॉलंडमधील आर्नेम प्राणिसंग्रहालयातील चिंपँझींच्या सत्तास्पर्धेचा वृत्तांत लिहिला. ल्यूटने पदच्युत केलेला वृद्ध येरून तरुण निक्कीच्या पाठीशी उभा राहिला आणि निक्की राजा झाला. पण राजाला टिकवून धरणारा येरूनच असल्याने लाभाचा मोठा वाटा त्याच्याकडे गेला. १९८० मध्ये याच दोघांनी ल्यूटला एवढे जखमी केले की तो दगावला. १९८८ मध्ये रिचर्ड बर्न व ॲन्ड्र्यू व्हाइटन यांनी आपल्या संपादित ग्रंथाला मॅकियाव्हेलीचे नाव दिले. दक्षिण आफ्रिकेतील एका बबून पोराची त्यांची नोंद मोठी मनोरंजक आहे : एक प्रौढ मादी कष्टाने कंद उकरीत असता हा तिच्याजवळ गेला, इकडेतिकडे पाहिले आणि मार बसल्यासारखा किंचाळला, त्याची आई धावून आली, तिने त्या मादीला पिटाळले, आणि मागे राहिलेला कंद पोराने खाल्ला. कौटिल्याच्या मंडलविचाराशी परिचित असलेल्या वाचकास यात नवल वाटणार नाही. परंतु मॅकियाव्हेलीच्या नावाने एक एकांगीपणा आला हेही खरे. समाज म्हणजे कपट, अशी छाया उपपत्तीवर पडली. अपत्यसंगोपन, शिकणे-शिकविणे आणि सहकार्य यांचा विचार मागे पडला. जन्मतः माणसाचा मेंदू त्याच्या पूर्ण वाढलेल्या मेंदूच्या एकतृतीयांशाहूनही लहान असतो, म्हणजे त्याची उरलेली वाढ इतरांच्या कडेखांद्यावर होते, याची दखल पुढे हर्डी यांनी २००९ च्या ग्रंथात यथोचित घेतली.

उपपत्तीला आकडा मिळाला तो १९९२ मध्ये. रॉबिन डन्बार यांनी, मेंदूचा बाहेरचा घड्या पडलेला थर, म्हणजे नवबाह्यक, आणि मेंदूचा उर्वरित भाग यांचे गुणोत्तर काढून ते नरवानरांच्या टोळीच्या सरासरी संख्येशी पडताळून पाहिले. गुणोत्तर वाढते तशी टोळीही वाढते असे आढळले. माणसाचे गुणोत्तर या सूत्रात घालता १४७.८ ही संख्या येते. तिलाच पुढे दीडशे असे गोल रूप मिळाले, आणि पलटणींपासून कचेऱ्यांपर्यंत सर्वत्र ती शोधण्याची हौस सुरू झाली. डन्बार यांनी स्वतः त्या संख्येसोबत १०० ते २३१ अशी व्याप्ती दिली होती. लोकप्रिय पुस्तकांतून तिचा उल्लेख क्वचित होतो.

आकड्याबरोबर आकड्याची तपासणीही आली. मेंदू हा खर्चिक अवयव आहे : शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शक्तीचा व्यय सुमारे २० टक्के. तेव्हा आहाराचा प्रश्न टाळता येत नाही. कॅथरिन मिल्टन यांनी १९८१ मध्ये बारो कोलोराडोवरील दोन माकडांची तुलना मांडली होती. हाउलर माकड आणि स्पायडर माकड यांची शरीरे जवळजवळ सारखी. पण पाला खाणाऱ्या हाउलरचा मेंदू सुमारे ५० ग्रॅम, आणि विखुरलेली फळे शोधीत हिंडणाऱ्या स्पायडरचा सुमारे १०७ ग्रॅम. धारवाडची वानरेही येथे अडचण उत्पन्न करतात. त्यांच्या टोळ्यांतील डावपेच सुगियामा व हर्डी यांनी दाखविले. पण मुख्यतः पाल्यावर जगणाऱ्या या कुळाचा मेंदू इतर माकडांशी तुलना करता शरीराच्या मानाने लहानच आहे. ओरँगउटानाची अडचण उलट दिशेची आहे. तो बहुधा एकटा हिंडतो, आणि बुद्धीत चिंपँझीच्या जवळपास असतो. २०१७ मध्ये ॲलेक्स डीकेसियन व सहकारी यांनी १४० हून अधिक जातींची माहिती एकत्र करून असा निष्कर्ष काढला की, मेंदूच्या आकाराचा अंदाज टोळीच्या आकारापेक्षा आहारावरून अधिक चांगला बांधता येतो. त्याच वर्षी लॉरेन पॉवेल, कारिन इसलर व रॉबर्ट बार्टन यांनी दाखविले की, माहितीचा संच बदलला की अशा निष्कर्षांतही बदल होतो. २०२१ मध्ये पॅट्रिक लिंडेनफोर्स व सहकारी यांनी डन्बार यांचेच गणित नव्या संख्याशास्त्रीय पद्धतींनी केले, तेव्हा माणसाच्या गटसंख्येची संभाव्य व्याप्ती खाली दोन-चारपर्यंत आणि वर ५२० पर्यंत पसरली. एवढ्या व्याप्तीतून एक संख्या निवडण्यास आधार उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. डन्बार यांनी या टीकेचा प्रतिवाद केला आहे. तथापि दीडशेच्या आकड्यावर उपपत्तीचे ओझे टाकणे यापुढे शहाणपणाचे ठरणार नाही.

आकडा गेला म्हणजे विचार गेला असे मात्र नव्हे, आणि या विषयावरील वादात ही गल्लत दोन्ही पक्षांकडून होताना दिसते. टोळीत किती जण आहेत हे समाजजीवनाचे सर्वांत ओबडधोबड माप होय. शंभर हरणांचा कळप आणि दहा जणांचे एकत्र कुटुंब यांत गुंतागुंत कोठे अधिक आहे, हे डोकी मोजून कळत नाही. जॉली आणि हम्फ्री यांचा युक्तिवाद संबंधांच्या स्वरूपाविषयी होता. त्याची परीक्षा टोळीच्या संख्येने झाली ती केवळ संख्या उपलब्ध होती म्हणून. दगडी हत्यारांच्या बाबतीत जे एकदा घडले तेच येथे पुनः घडले.

संख्येपलीकडचा पुरावा थोडा असला तरी आहे. २००७ मध्ये एस्थर हेरमान, मायकेल टोमासेलो व सहकारी यांनी अडीच वर्षांची १०५ मुले, १०६ चिंपँझी आणि ३२ ओरँगउटान यांना एकाच प्रकारच्या कसोट्या दिल्या. जागा, संख्या व कार्यकारण यांविषयीच्या कसोट्यांत मुले आणि चिंपँझी जवळजवळ बरोबरीने उतरली. दुसऱ्याचे पाहून शिकणे, खूण समजणे आणि हेतू ओळखणे यांत मुले फार पुढे होती. माणसाचे वेगळेपण आरंभी तरी वस्तुज्ञानात नसून समाजज्ञानात आहे, असे यावरून दिसते. हत्यारांचा कालक्रमही जुन्या मताला अनुकूल नाही. केनियातील लोमेक्वी येथे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली हत्यारे ३३ लक्ष वर्षांपूर्वीची, म्हणजे मेंदूच्या वाढीच्या कितीतरी आधीची आहेत. आणि पुढे ज्या दीर्घ काळात मेंदू मोठा होत गेला त्यातील दहा लक्षांहून अधिक वर्षे हातकुऱ्हाडीचा घाट फारसा पालटला नाही. मात्र दक्षिण आफ्रिकेतील 'होमो नलेदी' हा अवघ्या ४६५ ते ६१० घन सेंटिमीटर मेंदूचा मानव सुमारे तीन लक्ष वर्षांपूर्वीपर्यंत हयात होता, यामुळे मेंदूची वाढ हा मानववंशाचा सरळ राजमार्ग होता असे कोणत्याच पक्षाला म्हणता येत नाही.

प्राचीन समाजजीवनाची प्रत्यक्ष खूण जीवाश्मांत क्वचितच सापडते. जॉर्जियातील द्मानिसी येथे मिळालेली एक कवटी अशा खुणांपैकी आहे. ती सुमारे १८ लक्ष वर्षांपूर्वीची असून तिच्या मालकाचे एक दात वगळता सर्व दात मृत्यूपूर्वी बऱ्याच काळ आधी पडले होते, कारण दातांच्या खोबणी हाडाने भरून आलेल्या आहेत. म्हणजे चावता न येणारा हा मानव त्या थंड प्रदेशात काही वर्षे जगला. कोणी तरी त्याला मऊ अन्न पुरवीत असले पाहिजे, किंवा निदान त्याच्याकडून ते हिसकावून घेत नसले पाहिजे, असे २००५ मध्ये ही कवटी प्रसिद्ध करणाऱ्यांनी सुचविले. त्यावर लगोलग असा आक्षेप आला की, रानातील कपीही पुष्कळसे दात गमावून कोणाच्या मदतीवाचून जगलेले आढळतात. कवटी एकच आहे, आणि ती दोन्ही पक्षांकडून वाचली जात आहे.